घड्याळवाल्या काकांचा अर्धा श्वास

दिवसभर मी एकच वाक्य बोलते. श्वास घ्या, रोखा, सोडा. सीटी स्कॅनच्या मशीनवर मला बावीस वर्षं झाली, तेव्हा हे वाक्य किती वेळा बोलले असेन ते मोजायला बसलं तर डोकं फिरेल. मशीनमध्ये आवाज आधीच भरून ठेवायची सोय आहे, बटण दाबलं की तेच बोलतं. पण मला ते पटत नाही. माणसं नाना तऱ्हेची असतात. श्वास घ्या म्हटलं की कुणी नुसते खांदे वर करतं, कुणी पोट फुगवतं, एका बाईंनी तर चक्क नाक चिमटीत धरलं होतं. माणसाकडे बघून बोलावं लागतं. आणि एवढं शहाणपण सांगणारी मी, घड्याळवाल्या काकांच्या वेळी बघायला चुकले. ते सांगायचं तर आधी काका सांगायला हवेत.

ते पहिल्यांदा आले ते चाकाची खुर्ची ढकलत. खुर्चीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई, काटकुळ्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेल्या. मी सवयीने बाईंच्या मनगटाला नावाची पट्टी बांधायला घेतली.

"अहो, पेशंट मी आहे," खुर्चीमागून आवाज आला. "ही माझी ताई. माझ्या सोबतीला आलीय."

"काका, इथे कोण कुणाच्या सोबतीला आलंय?"

"ते तिला विचारू नका. ती म्हणेल, मीच ह्याला आणलाय."

तेवढ्यात बाईंनी मान वर केली. "बाळ्याला सुई टोचणार असाल तर आधी मला सांगा. तो रडतो."

बाळ्याचं वय एकोणसत्तर. शर्टाची बाही वर करत तो गालातल्या गालात हसला, आणि मी सुई टोचली तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही.

लिव्हरचं दुखणं म्हटलं की लोक आधी बाटली शोधतात. ह्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातला नव्हता. कधीकाळची कावीळ रक्तात दबा धरून राहिली आणि तिने आतल्या आत लिव्हर निबर करून टाकलं. पिणारे मजेत हिंडतायत आणि आजार ह्यांना, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तो प्रकार. त्यांच्या दुकानाशेजारी एक चावीवाला बसतो. त्याला कळल्यावर तो म्हणाला होता, "काय काका, एकट्याने उरकलंत, आम्हाला कधी बोलावलं नाहीत!" काका ही गोष्ट स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसायचे.

लिव्हर असं झालं की दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते. काका एकही चुकवत नसत, म्हणून गाठ लहान असतानाच सापडली. लिव्हरच्या अगदी माथ्यावर, छातीच्या पडद्याला लागून. पहिल्यांदा मोजली तेव्हा दोन सेंटिमीटरला जरा कमी होती, दोन महिन्यांनी अडीचच्या घरात गेली.

आमच्याकडच्या डॉक्टरांना सगळे सुईवाले डॉक्टर म्हणतात, कारण ते पोट न फाडता सुईने काम करतात. त्यांनी काकांना समोर बसवून सांगितलं, कापून काढता येणार नाही, उरलेलं लिव्हर ते झेपायचं नाही. पण गाठ जागच्या जागी भाजून टाकता येईल. बरगड्यांच्या मधून एक लांब सुई घालायची, स्कॅनच्या चित्रात तिचं टोक बघत बघत गाठीच्या मधोमध न्यायचं, मग टोक मायक्रोवेव्हने तापवायचं. गाठ आणि तिच्या भोवतीचा थोडा भाग आतल्या आत शिजून मरतो. गाठ तीन सेंटिमीटरच्या आत असली तर हे बहुतेक वेळा चांगलं साधतं, त्यापुढे कडेला काहीतरी जिवंत राहायची भीती.

काकांनी एकच विचारलं. "किती वर्षं मिळतील?"

"तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर लोक अशा वेळी ताकाला तूर लागू देत नाहीत.

"मला फार नकोत. ताईपेक्षा एक दिवस जास्त हवा."

डॉक्टरांनी मान डोलावली, पण त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी मला नंतर सांगितलं. ताईंची आठवण दोन-तीन वर्षांपासून जात चालली होती. नाव, घर, रस्ता, सगळं गेलं, बाळ्या तेवढा राहिला. त्याच्या हातून जेवायच्या, बाकी कुणाच्या नाही. मागे काकांना ताप येऊन इथे ठेवलं होतं, तेव्हा ताईंना पाच दिवस म्हाताऱ्यांच्या निवासात ठेवावं लागलं. पाच दिवस त्या ओठ मिटून बसल्या. तिथल्या बायकांनी गोंजारून बघितलं, रागावून बघितलं, शेवटी सलाईन लावलं. सहाव्या दिवशी काका तिथे पोचले, त्यांनी चमचा पुढे केला, ताईंनी तोंड उघडलं. म्हणजे काका आधी गेले तर ताई उपाशी मरणार, सरळ हिशेब. काकांना मरणाची भीती होती ती एवढ्याचसाठी.

आईवडील एकाच वर्षात गेले तेव्हा काका सहा वर्षांचे आणि ताई पंधराच्या. ताई एका शिंप्यासाठी घरी बसून काजं करायच्या, बटणं-हुकं लावायच्या. त्यावर भावाला वाढवलं, शाळेत घातलं. स्थळं आली ती "मग बाळ्याचं काय?" ह्या प्रश्नावर मोडली. पुढे काका कमावते झाले तर ताईंनी त्यांच्यासाठी मुली बघायला घेतल्या आणि प्रत्येकीत खोट काढली. एकीचा आवाज मोठा, एकीचा चहा पाणचट. "शेवटी मुली संपल्या," काका म्हणायचे, "खोटी काही संपल्या नाहीत."

पंधराव्या वर्षी ते एका घड्याळजीकडे काम शिकायला लागले आणि मास्तर गेल्यावर तेच दुकान त्यांनी चालवलं. जिन्याखालची चिंचोळी खोली, एक टेबल, एक दिवा, भिंतभर लोकांची घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. नंतर एकदा मी वडिलांचं जुनं मनगटी घड्याळ घेऊन गेले होते. मी विचारलं, "काका, ह्यातली खरी वेळ कुठली?" तर म्हणाले, "मोबाईल बघा की!" त्यांच्या स्वतःच्या मनगटावर काहीच नव्हतं.

तर, सुईचा दिवस. सकाळी साडेनऊची वेळ. एरवी अशा कामाला पूर्ण भूल देतात. झोपलेल्या माणसाचा श्वास मशीनच्या ताब्यात असतो, डॉक्टर म्हणतील तिथे तो थांबतो, कटकट नाही. पण काकांची छाती कमजोर, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी चक्क नको म्हणून लिहून दिलं. मग जागेपणी करायचं ठरलं. गुंगीचं थोडं औषध, जागा बधिर करायची, आणि श्वास काकांनी स्वतः सांभाळायचा. लिव्हर श्वासाबरोबर खालीवर होतं. भरून श्वास घेतला की खाली उतरतं, सोडला की वर चढतं. ज्या श्वासावर चित्र काढलं त्याच श्वासावर सुई सरकली पाहिजे. नाहीतर चित्रात गाठ एकीकडे आणि पोटात भलतीकडे.

आधी मी तालीम घेतली. श्वास घ्या, भरून घ्या, रोखा. तीन वेळा घेतली, तिन्ही वेळा काकांनी चोख केलं. "शहाणं बाळ!" असंही म्हणाले मी. चित्र काढलं, डॉक्टरांनी कातडीवर खूण केली, हिरवी कापडं पसरली, बधिर करायचं इंजेक्शन झालं. मी काचेमागे माईकवर बसले.

"काका, श्वास घ्या. रोखा."

डॉक्टरांनी सुई बरगड्यांच्या मधून थोडी आत घातली आणि बाहेर आले. मी चित्र घेतलं. सुई ज्या रोखाने निघाली होती तिथे गाठ नव्हतीच. ती अंगठाभर वर सरकलेली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"काका, श्वास भरून घेतला होता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतला की."

"आणि रोखला?"

"रोखला की."

सुई मागे घेतली, कोन बदलला, पुन्हा. पुन्हा तेच. आता माझं डोकं तापलं. बावीस वर्षांत हे वाक्य न समजलेला माणूस मी बघितला नव्हता, आणि तालमीत ह्याच माणसाला समजलं होतं. मी माईकवर चांगलीच ओरडले. "काका, रोखा म्हटलं की रोखायचं! आपल्या मनाचं काही करायचं नाही! पोरखेळ आहे का हा?"

डॉक्टर काचेपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्यांचं रक्त लवकर गोठत नाही. मला सारखं टोचता येणार नाही. आणखी एकदा बघतो, नाहीतर सुई काढून थांबतो." पुढची तारीख दीड महिन्याने मिळाली असती. गाठ ज्या वेगाने वाढत होती त्याने तोवर तीनच्या पलीकडे गेली असती, आणि मग सुईचा उपयोग नव्हता. हे आम्हा दोघांना माहीत होतं. काकांनाही माहीत होतं, कारण त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. बाहेरून ताईंचा आवाज येत होता, "बाळ्या रडतोय का गं?" आणि मावशी म्हणत होत्या, "नाही हो आजी, शहाण्यासारखा आहे."

मी लेडचा ॲप्रन चढवला आणि आत गेले. खरं तर भांडायलाच गेले होते. काकांच्या डोक्याशी उभी राहिले आणि तिथूनच म्हटलं, "घ्या श्वास. रोखा." छाती भरली, थांबली. बरोबर. मग डॉक्टरांनी चिमटीत सुई धरली. काकांची नजर भिंतीवरच्या स्क्रीनवर होती, तिथे मघाच्या चित्रात सुई आणि गाठीचा ठिपका दिसत होता. डॉक्टरांची बोटं सुईला लागली मात्र, काकांचा उजवा डोळा बारीक झाला, गाल वर चढला, घड्याळजी लोक डोळ्यात भिंग धरतात तसा. आणि नाकातून अर्धा श्वास अलगद बाहेर गेला. मग ते थांबले, असे थांबले की पापणीसुद्धा लवली नाही.

"अगंबाई!" मी म्हटलं. "थांबा डॉक्टर. काका, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"अर्धा श्वास सोडलात!"

"मग? भरल्या छातीने हात थरथरतो. अर्धा सोडायचा, मग रोखायचा. बारीक काम आहे हे."

"अहो पण हात डॉक्टरांचा आहे!"

काकांनी जरा विचार केला. "हो की," ते म्हणाले. मग डॉक्टरांकडे बघून, "पण साहेब, तुम्हीपण सोडत जा अर्धा. फरक पडतो."

डॉक्टर हसले. सकाळपासून पहिल्यांदाच. काका गुंगीत होते, जीभ जड होती, तरी सांगत राहिले. मास्तर नाकाखाली पिसाचा तुकडा ठेवायचे. केसासारखी स्प्रिंग बसवताना पीस हललं की बोटांवर पट्टीचा फटका. ते पीस नाकाखालून गेल्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली होती, पण बारीक टोक बारीक जागेत जाताना दिसलं की छाती आपोआप तेच करायची. तालमीत सुई नव्हती, म्हणून तालीम चोख झाली. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, तशातली गत.

डॉक्टर म्हणाले, "काका, एवढं एकदा सोडू नका. माझ्यासाठी."

"डॉक्टर," मी म्हटलं, "पन्नास वर्षांची सवय आपण वीस मिनिटांत मोडणार? त्यांच्याच श्वासावर नवीन चित्र काढू."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. टेक्निशियनने असं सांगणं सगळ्यांना आवडतं असं नाही. पण सुईवाले डॉक्टर मानी नाहीत, तेवढं मी त्यांच्याबद्दल म्हणेन. "काढा," ते म्हणाले.

मी काचेमागे गेले. माईकवर म्हटलं, "काका, स्प्रिंग बसवायची आहे असं समजा." तीन वेळा चित्र घेतलं. तिन्ही वेळा गाठ त्याच जागी, सुताचाही फरक नाही. भरून श्वास घेणाऱ्या जवान माणसांकडूनही असं मला कधी मिळालेलं नाही. गाठ आता वर होती, फुप्फुसाच्या जास्त जवळ, म्हणून डॉक्टरांनी एक बरगडी खालून तिरपी वाट धरली. "स्प्रिंग, काका." सुई सरकली. चित्र. "स्प्रिंग." सुई सरकली. चौथ्या चित्रात टोक गाठीच्या मधोमध होतं.

मग तापवलं. सहा मिनिटं. औषध होतं तरी काकांचा उजवा खांदा जबर दुखायला लागला. "सुई पोटात, आणि खांदा का?" त्यांनी दात खात विचारलं. छातीच्या पडद्याची आणि खांद्याची दुखण्याची वाट एकच असते, डॉक्टर म्हणाले. काकांच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात जात होतं. "ताईला सांगा, रडला नाही म्हणून," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन सांगितलं. "आजी, बाळ्या अजिबात रडला नाही."

"खोटं बोलतेस," ताई म्हणाल्या.

शेवटच्या चित्रात गाठीच्या जागी आणि तिच्या भोवती सगळीकडून काळपट गोळा दिसत होता, मेलेला. काकांना बाहेर नेताना मी त्यांची माफी मागितली. मला खरोखर लाज वाटत होती, एका आजारी माणसावर मी बाजारात ओरडावं तशी ओरडले होते. ते म्हणाले, "मास्तरांच्या मानाने तुम्ही काहीच ओरडला नाहीत."

महिन्याचा स्कॅन स्वच्छ आला. सहा महिन्यांचाही.

वर्षाच्या तपासणीला काका आले तेव्हा वजन थोडं वाढलं होतं, रंग सुधारला होता. खुर्ची ढकलतच आले. स्कॅन झाला, डॉक्टर चित्रं वाचायला बसले, आणि काका ताईंना भरवायला बाहेर गेले, कारण त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. थोड्या वेळाने मी बाहेर आले तर कॉरिडॉरच्या बाकावर काका बसलेले, हातात किसलेल्या सफरचंदाची वाटी. समोर खुर्चीत ताई, ओठ मिटलेले, तोंड भिंतीकडे.

"काल रात्रीपासून असंच चाललंय म्हणे," मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या. "ओळखतच नाहीत त्यांना."

"ताई, अगं एक घास," काका म्हणाले.

"ह्या म्हाताऱ्याला इथून घालवा," ताई मला म्हणाल्या. "माझा बाळ्या कुठाय?"

"मीच बाळ्या, ताई."

"हॅट! म्हणे बाळ्या. माझा बाळ्या एवढासा आहे." त्यांनी खुर्चीच्या हाताएवढी उंची दाखवली.

काकांनी चमचा वाटीत ठेवला. त्या कॉरिडॉरमध्ये वाईट बातम्या ऐकताना मी पुष्कळ माणसं बघितली आहेत आणि घरी जाऊन नीट जेवले आहे. त्या दिवशी मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. ज्या हाताने तिला भरवता यावं म्हणून ह्या माणसाने स्वतःला आतून भाजून घेतलं, तो हातच तिला परका झाला होता.

काकांनी वाटी ताईंच्या मांडीवर ठेवली, उठले आणि कॉरिडॉरच्या टोकाच्या दारामागे गेले. मला वाटलं, रडायला गेले. मी मावशींना मागे जायला सांगणार तेवढ्यात तिकडून आवाज आला, बारीक, लांबवलेला.

"ताईऽऽ! भूक लागली गंऽऽ!"

रांगेतल्या लोकांनी वळून बघितलं. ताईंची मान एकदम वर झाली. त्यांनी चमचा उचलला.

"आला मेला. हातपाय धुतलेस का?"

"धुतले," म्हणत काका आले आणि खुर्चीसमोर जमिनीवर बसले. गुडघे कटकट वाजले. त्यांनी डोळे मिटले, हनुवटी ताईंच्या गुडघ्याशी आणली आणि आ केला. ताईंचा हात थरथरत होता, अर्धं सफरचंद त्यांच्या शर्टावर सांडलं. एक घास झाला, दुसरा झाला.

"आता तुझा," काका डोळे न उघडता म्हणाले. "तू नाही खाल्लंस तर मी नाही खाणार."

ताई त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. "भारी हट्टी आहेस," असं म्हणून त्यांनी चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. मग पुन्हा भरून त्यांना दिला.

मागून डॉक्टरांनी मला हाताने खूण केली, सगळं स्वच्छ आहे. मी वाकून काकांच्या कानात ते सांगितलं. त्यांच्या तोंडात घास होता म्हणून त्यांनी नुसती मान हलवली, आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.